बाळाचा डोळा का चिकटतो?

मुरुमसारख्या गावात लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, की बाळाच्या न्हाऊमाखूची सूत्रे आजीच्या हाती येतात. त्यामुळे बाळाचा डोळा सतत पाणावतो, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटतात, हे बहुधा प्रथम तिच्याच ध्यानात येते.

अश्रू डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रुपिशवीत आणि तेथून नलिकेवाटे नाकात उतरतात. काही नवजात बालकांत नलिकेच्या खालच्या टोकावरील पातळ पडदा जन्मापर्यंत उघडलेला नसतो. मग अश्रू तुंबतात आणि साचल्या पाण्यात जंतू वाढतात. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझी व स्टॅफिलोकोकस ऑरियस हे त्यांतील नेहमीचे. हे जंतू नाकात, घशात किंवा त्वचेवर एरवीही आढळतात. म्हणून बाळंतिणीला अस्वच्छतेचा दोष देऊ नये.

दहांपैकी सुमारे नऊ बालकांत हा पडदा वर्षाच्या आत आपोआप उघडतो. तोवर उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून डोळा आतून बाहेर पुसावा; प्रत्येक डोळ्यास नवा कापूस घ्यावा. क्रिग्लर यांनी 1923 मध्ये सांगितलेला अश्रुपिशवीचा मसाज आजही उपयोगी ठरतो. नखे कापून, हात धुऊन, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली बोटाने हलका दाब द्यावा. मात्र ही रीत प्रथम डॉक्टरांकडून शिकून घ्यावी.

नाकाजवळ लाल, दुखरी सूज येणे, ताप, दूध न ओढणे ही अश्रुपिशवीच्या तीव्र संसर्गाची लक्षणे होत. अशा वेळी मसाज थांबवावा. पहिल्या महिन्यात पापण्या सुजून भरपूर पू येत असल्यास तो गोनोकोकस वा क्लॅमिडिया या जंतूंचा संसर्गही असू शकतो. गोनोकोकस बुबुळावरील पारदर्शक पटलास थोड्याच अवधीत इजा करतो. दृष्टीही जाऊ शकते. या दोन्ही प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

काजळ, मध, एरंडेल किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. काही काजळांत शिसे असते. पूर्वी वापरलेले थेंबही स्वतःच्या मनाने घालू नयेत.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यांना बाळाचा डोळा जरूर दाखवावा. पुढील तपासणीसाठी उमरग्याचे उपजिल्हा रुग्णालय, तसेच सोलापूरचे शासकीय रुग्णालय आहे. वर्षानंतरही पाणी थांबले नाही, तर नेत्रतज्ज्ञ बारीक सळईने नलिका मोकळी करतात. आजीची माया मोलाचीच. तिच्या सावध नजरेने बाळाची दृष्टी वाचू शकते.