मागाला कसे कळते?

मालेगावात एक विणकर एकाच वेळी अनेक यंत्रमाग सांभाळतो. एखाद्या मागावर आडवा धागा तुटला आणि ते ध्यानात आले नाही, तर कापडात फट पडते, भाव घसरतो. म्हणून धोट्याच्या साध्या मागालाही एक ज्ञानेंद्रिय दिलेले असते : कडेला बसवलेला लहानसा काटा.

फणी पुढे येताना आडवा धागा जागेवर असेल, तर तो काट्याचे दाते ढकलतो आणि मागची आकडी वर उचलली जाते. धागा नसेल तर दाते समोरच्या जाळीतून आरपार जातात, आकडी खालीच राहते, हातोडीत अडकते आणि माग थांबतो. हातोडी हलवणारा दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे तपासणी दोन धाग्यांमागे एकदाच होते. मधला एखादा धागा निसटू शकतो! आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की काटा केवळ 'धागा आहे का' असे विचारत नाही, तर ठरलेल्या क्षणी विचारतो. तो क्षण दांड्याचा कोन ठरवतो.

हवेच्या झोताने धागा फेकणारा माग मिनिटाला 600 फेरे करत असेल, तर दांडा एक अंश फिरायला सेकंदाचा 3600वा भाग लागतो. इथे कोन सांगायला एन्कोडर लागतो. दांड्यावर काळ्या व पारदर्शक पट्ट्यांची तबकडी, एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाशसंवेदक. नुसत्या पट्ट्या मोजणारा एन्कोडर वीज गेली की आकडा विसरतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक कोनाला स्वतंत्र सांकेतिक अंक देणे.

पण साध्या द्विमान अंकांत एक खोच आहे. 3 म्हणजे 011 आणि 4 म्हणजे 100. सीमारेषेवर तिन्ही अंक एकदम बदलायला हवेत. एक जरी मागे राहिला तरी भलताच अंक वाचला जातो. 011 वरून जाताना क्षणभर 111 दिसले, तर यंत्राला वाटेल आपण 7 वर आहोत. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी 1947 साली पेटंटसाठी मांडलेल्या संकेतात 3 साठी 010, तर 4 साठी 110 येते. बदल एकाच अंकात होतो, म्हणून चूक झालीच तरी शेजारच्या घरापलीकडे जात नाही.

वर्गात पुठ्ठ्याच्या दोन तबकड्या कापाव्यात. प्रत्येकीचे 8 भाग व 3 वलये करून एकीवर द्विमान अंक रंगवावेत, दुसरीवर 000, 001, 011, 010, 110, 111, 101, 100 हा क्रम. प्रत्येक रेषा ओलांडताना किती वलयांत रंग बदलतो, ते मुलांना मोजू द्यावे. शेवटच्या भागातून पहिल्यात येणारी रेषा मात्र वगळू नये.