सोफ्याची शिवण उसवू नये म्हणून

कल्याणशेजारी उल्हासनगरचा फर्निचर बाजार आहे. सोफ्याची कव्हरे शिवून चार पैसे मिळवावेत, असे अनेक भगिनींच्या मनात येते. पण ब्लाऊजचा दोरा सोफ्याला लावला, की शिवण उसवते आणि मजुरी दुरुस्तीतच जाते.

म्हणून आम्ही सांगतो, रिळावरचा तिकीट नंबर आधी पाहा. तो उलटा चालतो : नंबर मोठा, दोरा बारीक. कपड्यांना १२० चालतो, सोफ्याच्या कापडाला ४० घ्यावा. 'टेक्स' लिहिले असेल तर ते हजार मीटर दोऱ्याचे ग्रॅममधले वजन. तिकीट ४० म्हणजे साधारण टेक्स ७५. दोरा पॉलिएस्टरचाच घ्यावा. सुती दोरा ओलाव्यात कुजतो.

४० नंबरच्या दोऱ्याला १८ नंबरची सुई लावा. सुईत दोरा ओवून टोके ताणून तिरपी धरा; सुई आपोआप घसरली, तर जोडी जमली. अडकली तर सुई मोठी हवी. २० नंबरचा जाड दोरा घरच्या मशीनवर ओढू नये. त्याला जड कामाचे मशीन लागते. रेक्झिनवर टाके लांब ठेवा, नाहीतर भोकांच्या रेषेवरच ते फाटते.

कव्हर देण्यापूर्वी तुकड्यावर शिवून जोराने ओढून पाहा. आणि मजुरी ठरवताना दोऱ्याचा खर्च विसरू नका.