‘होणार नाही’ म्हणण्याआधी...

‘सर, हे आपण वेगळ्या पद्धतीने करून बघूया का?’ मीटिंगमध्ये नव्यानेच जॉइन झालेली मुलगी विचारते. दोन सेकंद शांतता. मग ठरलेलं उत्तर येतं, ‘आपल्याकडे असं चालत नाही.’ विषय संपतो. पुढच्या मीटिंगला ती मुलगी गप्पच बसते.

हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलंय. पण गंमत अशी, की दोन-तीन वर्षांनी आपण टीम लीड होतो आणि तेच वाक्य नकळत आपल्याही तोंडून निघतं. अशा वेळी ‘अमूल’ची एक गोष्ट आठवायला हवी. डॉ. वर्गीस कुरियन सगळ्यांना माहीत आहेत. एच. एम. दलाया हे नाव मात्र फार कमी जणांनी ऐकलेलं असतं.

१९५०नंतरची ही गोष्ट. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाचं दूध मुंबईला जायचं. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध द्यायच्या, पण मुंबईची मागणी काही तेवढी वाढायची नाही. उरलेलं दूध घ्यायचं कुणी? शेतकऱ्याच्या घरखर्चाचा प्रश्न होता. पावडर केली तर दूध टिकलं असतं. पण तेव्हा पावडर व्हायची ती गाईच्या दुधाची. म्हशीच्या दुधात फॅट जास्त, त्याची पावडर होणारच नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते.

दलाया म्हणाले, होईल. आणि त्यांनी ती करून दाखवली.

यात कुरियन यांनी काय केलं? अमेरिकेत बरोबर शिकलेल्या या मित्राला त्यांनी आणंदला थांबवून घेतलं. तज्ज्ञांच्या मतापुढे मान न तुकवता त्याला प्रयोग करू दिला. संघाचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल या दोघांच्या मागे उभे राहिले. ‘युनिसेफ’कडून यंत्रसामग्रीची मदत मिळाली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन झालं. म्हशीच्या दुधाची पावडर तिथे बनू लागली.

म्हणजे कल्पना बॉसलाच सुचली पाहिजे असं काही नाही. ती दुसऱ्याला सुचली, तर तिला पहिल्याच मीटिंगमध्ये मरू द्यायचं नाही, हे त्याचं काम.

मग आपण काय करायचं? कुणी काही नवं सुचवलं, की ‘छोट्या प्रमाणावर कसं करून बघता येईल?’ एवढं विचारायचं. त्यासाठी रोजच्या कामातून खरोखर वेळ काढून द्यायचा. ‘आधी तुझं काम संपव, मग बघू’ म्हटलं, की ते ‘मग’ कधी उजाडतच नाही. वरच्या साहेबांपुढे बाजू आपण मांडायची, पण कल्पना कुणाची हे नाव घेऊन सांगायचं. आणि प्रयोग फसला तर ‘मी परवानगी दिली होती’ हेही आपणच म्हणायचं.

सगळ्याच कल्पना चालणार नाहीत, हे उघड आहे. नाही चालली तर का थांबवतोय ते समोर बसून नीट सांगायचं. तेवढं केलं, तरी ती मुलगी पुढच्या मीटिंगला पुन्हा हात वर करेल.