तेरातून नऊ आणि पाच शिक्षक

पहिलीच्या मुलांना दहाच्या पलीकडच्या संख्यांची वजाबाकी शिकवायची आहे. पहिलं उदाहरण कोणतं घ्यायचं? जपानमधल्या प्राथमिक शाळेत या प्रश्नावर चार-पाच शिक्षक शाळा सुटल्यावर बसून खल करतात. १३ – ९ दिलं, तर बरीच मुलं दहातून नऊ काढतात आणि उरलेल्या एकात तीन मिळवतात. १२ – ३ दिलं, तर तीच मुलं आधी दोन काढून दहावर येतात, मग आणखी एक काढतात. आकडे बदलले की डोक्यातली रीत बदलते. म्हणून कोणती रीत आधी पुढे यायला हवी, हे ठरल्यावरच आकडे ठरतात.

पाठ सुधारण्याच्या या पद्धतीचं नाव ‘जुग्यो केन्क्यू’. तिची मुळं मेइजी काळातली. जगाचं लक्ष मात्र बऱ्याच उशिरा गेलं. जर्मनी, जपान आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या २३१ तासांचं चित्रीकरण अभ्यासून जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी १९९९मध्ये ‘द टीचिंग गॅप’ लिहिलं, तेव्हा ही पद्धत जपानबाहेर गाजू लागली.

काम असं चालतं. पाठाचं टाचण सगळे मिळून करतात. त्यात शिक्षक काय विचारणार याच्या शेजारी मुलं काय उत्तरं देतील, कुठे चुकतील, हेही लिहिलेलं असतं. मग एक जण शिकवतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून मुलांच्या वह्या पाहतात. कुणी बोटं मोजली, कुणी लिहिलेलं खोडलं, कुणी शेजाऱ्याकडे पाहिलं, हे टिपतात. मदत मात्र करत नाहीत. फळा तासभर पुसला जात नाही, त्यामुळे मुलांच्या सगळ्या रीती शेजारीशेजारी दिसत राहतात. नंतरच्या चर्चेत आधी बोलतो तो शिकवणारा. पाठ सगळ्यांनी रचलेला असल्यामुळे तो फसला तरी एकट्याच्या माथी खापर फुटत नाही.

आपल्याकडे डीएडच्या सराव पाठापासून निरीक्षकाची नजर शिक्षकावर असते: हेतुकथन झालं का, फलकलेखन सुवाच्य आहे का, आवाज मागच्या बाकापर्यंत जातो का. पुढे टाचणवही सहीपुरती उरते. द्विशिक्षकी शाळेत एकाने दुसऱ्याचा तास पाहायचा, तर त्याचा स्वतःचा वर्ग वाऱ्यावर. ही अडचण खरीच आहे.

पण केंद्राच्या शिक्षण परिषदेत अनेक शाळांचे शिक्षक एकत्र येतातच. तिथे आदर्श पाठ होतो, टाळ्याही पडतात. त्याऐवजी एखादा अवघड घटक सगळ्यांनी मिळून रचावा आणि पाहणाऱ्या प्रत्येकाने एकाच मुलाची वही तासभर पाहावी. टाचणात एक रकाना वाढवायला तर परिपत्रकाचीही गरज नाही: ‘मुलं काय म्हणतील?’ तास संपल्यावर तो रकाना आणि मुलांच्या वह्या ताडून पाहिल्या, की उद्याच्या पाठात काय बदलायचं ते कळतं.