हवामानाच्या ॲपची पारख

मृग नक्षत्र लागले की लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात, हे पूर्वापार चालत आले आहे. अलीकडे ते हातातील मोबाईलकडेही लागू लागले आहेत. अहमदपूरच्या किंवा कंधारच्या बाजारात तिघांनी आपापले मोबाईल उघडले, तर एकात उद्या जोराचा पाऊस, दुसऱ्यात हलक्या सरी आणि तिसऱ्यात निरभ्र आकाश, असे तीन निरनिराळे अंदाज दिसणे अशक्य नाही. यांतील खरा कोणता, हा प्रश्न ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. एखाद्या ॲपचे नाव सांगून त्याचे उत्तर देता येणार नाही. मात्र ते उत्तर शोधून काढण्याची रीत प्रत्येक गावाच्या हाती आहे. त्या रीतीची माहिती येथे देत आहोत.

चुकीची किंमत

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. २०१७ च्या जून महिन्यात भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशासाठी सरासरीच्या ९८ टक्के पावसाचा अंदाज वर्तविला होता. हंगामाअखेर प्रत्यक्ष पाऊस ९५ टक्के भरला. म्हणजे देशाच्या हिशेबाने अंदाज फारसा चुकला नाही. परंतु मधल्या काळात मराठवाड्यात पावसाने ओढ दिली, पेरलेली पिके माना टाकू लागली, आणि जुलैमध्ये बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. देशाच्या हिशेबात खरा ठरणारा अंदाज एखाद्या शिवारात खोटा ठरू शकतो, हा त्यातील बोध होय. दुबार पेरणीचा भुर्दंड ज्याने सोसला आहे, त्याला हा बोध समजावून सांगण्याची गरज नाही.

अंदाज वेगवेगळे का येतात?

ॲप स्वतः आभाळ पाहत नाही. उपग्रह, वेधशाळा आणि रडार यांची माहिती घेऊन मोठमोठे संगणक वातावरणाचे गणित सोडवितात; त्यातून निघालेले आकडे ॲप आपल्यापुढे मांडते. हे गणित मांडताना जमिनीवर चौकटींची जाळी कल्पिलेली असते. युरोपीय केंद्राच्या गणितातील चौकट सुमारे ९ किलोमीटरची, तर अमेरिकेच्या गणितातील सुमारे १३ किलोमीटरची आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली आणि २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही चौकट ६ किलोमीटरपर्यंत खाली आणते. ‘विंडी’सारख्या ॲपमध्ये युरोपीय आणि अमेरिकी अशी दोन्ही गणिते आलटून पालटून पाहता येतात, त्यांत फरक दिसला, तर अंदाज अद्याप पक्का नाही असे समजावे.

एका चौकटीत अनेक शिवारे येतात आणि त्या सर्वांना एकच आकडा मिळतो. आपल्याकडील वळवाचा किंवा परतीचा पाऊस तर एका बांधावर कोसळतो आणि दुसऱ्या बांधावर धूळ उडत राहते. म्हणून ॲपवर आपल्या गावाचे नाव झळकले, तरी तो आकडा आपल्या गावात मोजलेला आहे असा समज करून घेऊ नये.

हवामान विभागाची भाषाही नीट समजून घ्यावयास हवी. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ एकूण केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी. जिल्ह्यात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असे सांगितले आणि आपले गाव कोरडे राहिले, तर तेवढ्यावरून अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. तसेच ‘६० टक्के शक्यता’ म्हणजे अशा दहा दिवसांपैकी सुमारे सहा दिवशी पाऊस पडावा. उरलेल्या चार दिवसांपैकी एखादा आपल्या वाट्याला आला, तर तोही हिशेबातलाच आहे.

टक्केवारीचा चकवा

‘आमचे ॲप नव्वद टक्के अचूक’ या दाव्यावर विसंबू नये. अमेरिकेत १८८४ साली फिन्ले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने टोर्नेडो वादळांचे २,८०३ अंदाज दिले. त्यांपैकी २,७०८, म्हणजे ९६.६ टक्के, बरोबर ठरले. मात्र टीकाकारांनी दाखवून दिले की, त्याने दररोज डोळे मिटून ‘वादळ नाही’ एवढेच सांगितले असते, तर ९८.२ टक्के अंदाज बरोबर आले असते! वादळ येईल असे त्याने शंभर वेळा सांगितले. ते खरे ठरले अठ्ठावीस वेळा. आपल्याकडेही उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत ‘पाऊस नाही’ असे सांगणारे कोणतेही ॲप अचूकच दिसेल. कस लागतो तो पावसाळ्यात.

गावची नोंदवही

पारख करण्यास दोनच वस्तू लागतात : पर्जन्यमापक आणि वही. पर्जन्यमापक नसेल, तर सरळ उभ्या कडांचा आणि सपाट बुडाचा डबा चालतो. तो मोकळ्या जागी समपातळीत ठेवावा. जवळचे झाड किंवा भिंत जितकी उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे. साचलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजली की तोच पावसाचा आकडा. रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून डबा रिकामा करावा, कारण हवामान विभागाचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असा धरला जातो. मोबाईलमधील दिवस बहुधा मध्यरात्रीपासून मोजतात. यास्तव ॲपमधील तासवार अंदाज पाहून आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंतचा पाऊस धरावा; अन्यथा रात्रीच्या पावसाने तुलना बिघडते.

अंदाज नोंदविण्याची वेळ रोज एकच असावी. ॲप दिवसभर आपला अंदाज बदलत असते. पाऊस दाराशी आल्यावर तो सांगण्यात मोठेपणा नाही. पाच दिवस आधीच्या अंदाजासाठी वेगळा रकाना ठेवावा. अंतर वाढते तसा भरवसा कमी होतो, हे वहीतच दिसून येईल. पाऊस २.५ मिलिमीटर किंवा अधिक झाला, तर तो पावसाचा दिवस धरावा.

कोणती चूक महाग?

समजा, तीस दिवसांत दहा दिवस पाऊस झाला. पहिल्या ॲपने वीस दिवस पाऊस सांगितला. त्याला पावसाचे नऊ दिवस सापडले, पण अकरा वेळा हूल मिळाली. दुसऱ्याने आठच दिवस पाऊस सांगितला. सहा सापडले, चार निसटले, हूल मात्र दोनदाच मिळाली. एकूण हिशेबात पहिले अठरा दिवस बरोबर आणि दुसरे चोवीस दिवस. मग दुसरेच चांगले काय? ते कामावर अवलंबून आहे.

सोयाबीन कापून खळ्यावर पडले आहे. अशा वेळी न सांगता आलेला पाऊस गंजीचे नुकसान करतो, तर हूल मिळाली तरी ताडपत्री झाकण्याचे श्रमच वाया जातात. येथे पहिले ॲप उपयोगी. पेरणीच्या वेळी याउलट घडते. पावसाची हूल बियाण्याचा घात करते. येथे दुसरे ॲप बरे. तथापि पेरणीचा निर्णय केवळ अंदाजावर घेऊच नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच सोयाबीन पेरावे. अंदाज हा त्यापुढील आठवड्याचा विचार करण्यासाठी आहे. कोणते ॲप खरे, यापेक्षा आजच्या कामात कोणती चूक मला महाग पडेल, हा प्रश्न आधी विचारावा.

जेथे पारख करीत बसू नये

दोन बाबतींत मात्र वही बाजूला ठेवावी. पहिली, वीज. पुण्याच्या याच संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आपल्या परिसरात वीज पडण्याचा इशारा देते. दहा वेळा इशारा फुकट गेला, तरी अकराव्या वेळी झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात जावे. दुसरी, पूर. १७ आणि १८ ऑगस्ट २०२५ च्या दरम्यान मुखेड भागात सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातच उदगीरकडून व कर्नाटकातून लेंडी नदीचे पाणी आले. हसनाळ, रावणगाव ही गावे वेढली गेली, जीवितहानीही झाली. आपल्या गावचा अंदाज वरच्या अंगाच्या पावसाबद्दल काही सांगत नाही. म्हणून नदीकाठच्या गावांनी वरच्या तालुक्यांचे अंदाजही पाहावेत आणि प्रशासनाचा इशारा प्रमाण मानावा.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पीकनिहाय सल्ला मिळतो. मराठवाड्यासाठी तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दिला जातो. तो चावडीच्या फळ्यावर लिहावा आणि त्याशेजारी गावच्या वहीतील आकडे मांडावेत. नुकसानभरपाईसाठी महसूल मंडळातील केंद्राचीच नोंद ग्राह्य धरली जाते. गावची वही तिची जागा घेणार नाही. मात्र कोणाच्या शब्दावर किती विसंबावे, हे ती वही दाखवून देईल. एक डबा आणि एक वही यांचा खर्च तो किती! येत्या मृगापासून प्रत्येक गावाने हा उपक्रम हाती घ्यावा.