बुऱ्हाणपूरचे शहजादे, इस्फहानचा शाह

इराण आणि आपण : भाग नववा

इराणच्या सफवी शाह अब्बासाने पश्चिमेला तुर्क आणि पूर्वेला उझबेक यांना कसे तोंड दिले, ते मागच्या भागात पाहिले. आता तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला येऊ.

बुऱ्हाणपुरात इराणची खूण विचारली, की लोक लालबागेतल्या कुंडी भंडाऱ्याकडे बोट दाखवतात. लिफ्टने खाली उतरले, की क्षार साचून पांढऱ्या पडलेल्या भिंती आणि त्यांच्यामधून संथ वाहणारे पाणी दिसते. सातपुड्याच्या उतारावर झिरपलेले हे पाणी, ओळीने खणलेल्या कुंड्या जोडणाऱ्या भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर शहराकडे आणले. ही इराणी कनातीचीच रीत. मुघल सरदार खानखाना अब्दुल रहीमच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने ती आखली असे सांगतात. दुसरी खूण नदीपलीकडे जैनाबादला. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच बाळंतपणात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिचा देह जैनाबादच्या आहूखाना बागेत होता. तिचे आजोबा मिर्झा गियास बेग मूळचे तेहरानचे.

पाणी आणि प्रेमकहाणी पर्यटकांना पुरते. राजकारण मात्र त्याहून रंगतदार आहे.

बुऱ्हाणपूर ही मुघलांची दख्खनची छावणी. समोर अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाने इराणहून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाने १५३७ मध्ये शिया पंथ राजधर्म केला. गोवळकोंड्यात तर शुक्रवारच्या नमाजाच्या खुतब्यात इराणच्या शाहाचे नाव घेतले जाई. मुघल फौजा दक्षिणेला सरकू लागल्या तशी दख्खनी दरबारांची गाऱ्हाणी शाहाच्या राजधानीला, इस्फहानला जाऊ लागली. अब्बासाने मुघल बादशाह जहांगीरला पत्रातून दख्खनच्या सुलतानांसाठी रदबदली केली. फौज मात्र कधी पाठवली नाही. तशी ती पाठवणे शक्यही नव्हते आणि त्याच्या सोयीचेही नव्हते. त्याचा डोळा कंदाहारवर होता. ते ठाणे १५९५ पासून मुघलांकडे होते, आणि मुघल दख्खनेत जितके गुंतून पडतील तितके कंदाहार मोकळे.

झालेही तसेच. १६२२ च्या आरंभी शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, बुऱ्हाणपुरात होता. त्याच्या ताब्यातला थोरला भाऊ खुस्रो तिथेच मरण पावला; कसा, याबद्दल तेव्हाही कुजबुज होती. तेवढ्यात अब्बास कंदाहारवर चालून गेला. जहांगीरने खुर्रमला तिकडे निघायला फर्मावले. खुर्रम मांडूपर्यंत आला आणि अडून बसला. पावसाळा सरल्यावर येतो म्हणाला, वर अटी घातल्या. दरबारापासून इतके लांब गेलो तर जहांगीरची बेगम नूरजहान आपले पान कापील, ही धास्ती त्यामागे होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. कंदाहार पडले, खुर्रमने बंड केले. गंमत म्हणजे बंडात मदतीसाठी त्याने अब्बासालाच गळ घातली. उत्तर आले ते उपदेशाचे : वडिलांच्या आज्ञेत राहा.

हाच खुर्रम बादशाह झाल्यावर १६३६ मध्ये त्याने गोवळकोंड्याच्या खुतब्यातून शाहाचे नाव काढायला लावले. इस्फहानहून कोणी धावून आले नाही.

यानंतरची गोष्ट आपल्या जास्त जवळची. जानेवारी १६८१ अखेर संभाजीराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांसह, बुऱ्हाणपूरचे उपनगर बहादुरपुरा लुटले. त्याच महिन्यात राजपुतान्यात औरंगजेबाचा मुलगा अकबर बंड करून उठला होता. ते फसल्यावर दुर्गादास राठोडसोबत तो दक्षिणेत उतरला आणि संभाजीराजांच्या आश्रयाला पालीजवळ येऊन राहिला. नोव्हेंबरात खुद्द औरंगजेब बुऱ्हाणपुरात दाखल झाला. दिल्लीवर चालून जायचा अकबराचा आग्रह होता, पण मराठ्यांना सिद्दी, पोर्तुगीज आणि मुघल यांच्याशी एकाच वेळी झुंजायचे होते. अखेर १६८७ मध्ये अकबर कोकणातून जहाजाने निघाला आणि मस्कतमार्गे इस्फहानला पोचला. शाह सुलेमानने पाहुणचारात काही कमी केले नाही. पण बाप हयात असताना फौज मिळणार नाही, हेही सांगितले.

अकबर खुरासानात सरहद्दीकडे जाऊन वाट पाहत राहिला आणि बापाच्या आधीच मशहदला वारला. सफवींची सत्ताही फार टिकली नाही. १७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतले. त्या पडझडीतून वर आलेला नादिरशाह दिल्लीत शिरला तेव्हा थोरल्या बाजीरावांनी काय पवित्रा घेतला, ते पुढच्या आठवड्यात.