उपदेश नव्हे, प्रश्न

सर जॉन व्हिटमोर हे इंग्लंडांतील मोटार-शर्यतपटू. इ. स. १९६५ मध्यें युरोपीय टूरिंग कार शर्यतींचें अजिंक्यपद मिळविणारा हा गृहस्थ पुढें व्यावसायिकांचा मार्गदर्शक झाला, आणि १९९२ सालीं त्यानें ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ हा ग्रंथ लिहिला. ध्येय कोणतें, वस्तुस्थिति काय, मार्ग किती व निश्चय कशाचा, हे त्यांतील चार प्रश्न प्रसिद्धच आहेत. उत्तर मात्र ज्याचें त्यानेंच शोधावयाचें!

हल्लीं आपल्याकडेहि कित्येक सुशिक्षित नोकरदार मध्यम वयांत हा व्यवसाय पत्करतात. त्यास सरकारी परवाना लागत नाहीं. म्हणूनच स्वतःची पारख स्वतःच करावी लागते. आमच्या मतें, अनुभव हें येथें भांडवल खरें, पण तेंच विघ्नहि होय. कारण अनुभवी मनुष्यास उपदेश आवरून ऐकत राहणें फार जड जातें. ज्यास तें साधेल, त्यानेंच राजीनामा लिहावा.